महाभारताची ‘फायनल’ प्रत

प्रोजेक्टचे दिवस आले की आपल्या नंदुरबारच्या होस्टेलमध्ये प्रत्येक कॉम्प्युटरवर ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘नक्की फायनल’ अशा फायली दिसतात. डेटा कोणी, कधी, का बदलला, ते कोणालाच सांगता येत नाही. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, संस्कृतचा गंध नाही. पण व्हर्जन कंट्रोल समजून घेताना मला डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर आठवतात.

त्यांचा जन्म १८८७ चा. केंब्रिजला गणित शिकले, पुढे बर्लिनला संस्कृतचा अभ्यास केला. १९२५ साली पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादक झाले. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या पोथ्या, लिप्या वेगळ्या आणि श्लोकही वेगळे! आदिपर्वासाठी त्यांनी सुमारे ६० पोथ्या अक्षर न् अक्षर ताडून पाहिल्या. निवडलेला पाठ वर, बाकीचे पाठभेद खाली, कोणत्या पोथीत काय आहे त्या खुणेसकट. खात्री कमी असेल तिथे शब्दाखाली नागमोडी रेघ. गणपती महाभारताचा लेखनिक झाल्याची गोष्ट परिशिष्टात गेली, पण पुसली नाही.

जानेवारी १९४३ मध्ये ते वारले. बरीच पर्वं बाकी होती. तरी काम अडलं नाही. डॉ. बेलवलकर आणि नंतर डॉ. वैद्य यांनी ते पुढे नेलं, १९६६ साली पूर्ण झालं.

आपलं ‘गिट’ आलं २००५ साली. पण आपण नसतानाही दुसऱ्याला आपलं काम तपासता यावं, पुढे नेता यावं, ही शिस्त त्यांनी कागदावरच पाळली होती. आपल्याकडे तर कॉम्प्युटर आहे!