भुताची नाडी मोजणारा शास्त्रज्ञ

1874 साल. लंडनमधल्या एका दिवाणखान्यात पडदा सरकतो आणि पांढऱ्या शुभ्र वस्त्रांतली एक तरुणी मंद उजेडात बाहेर येते. तिचे नाव केटी किंग. जमलेल्यांच्या समजुतीने ती शेकडो वर्षांपूर्वी मरण पावलेल्या मुलीचा सदेह आत्मा. तिथे असलेले एक दाढीवाले गृहस्थ शांतपणे तिचे मनगट धरतात. नाडी भरते मिनिटाला 75. पडद्याआड मूर्च्छित असलेल्या फ्लॉरेन्स कुक या ‘माध्यम’ मुलीची नाडी थोड्या वेळाने मोजली जाते, ती 90 च्या आसपास. मग छातीला कान लावून तपासणी होते. केटीची फुप्फुसे जास्त निकोप वाटतात, कारण कुक त्या दिवसांत खोकल्याने आजारी होती आणि डॉक्टरांचे औषध घेत होती. निष्कर्ष निघतो की दोघी वेगळ्या.

एकाच माणसाची नाडी पहुडलेला असताना एक आणि दोन जिने चढून आल्यावर दुसरी असते, हे कुठल्याही दवाखान्यातली परिचारिका सांगेल. पण नाडी मोजणारे गृहस्थ सामान्य नव्हते. ते होते विल्यम क्रूक्स, थॅलियम या मूलद्रव्याचे शोधक आणि रॉयल सोसायटीचे सदस्य.

क्रूक्स यांचा जन्म 17 जून 1832 चा, लंडनचा. वडील शिंपी. कापडाच्या धंद्यात त्यांनी चांगला पैसा कमावला होता. घरात भावंडांचे लेंढार. सोळाव्या वर्षी विल्यम रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीत हॉफमन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकू लागले. 1859 मध्ये त्यांनी ‘केमिकल न्यूज’ हे नियतकालिक काढले आणि 1861 मध्ये वर्णपटातल्या एका हिरव्या रेषेवरून थॅलियम हुडकले. गुरांच्या साथीत कार्बोलिक आम्लाने गोठे निर्जंतुक करावेत, हा आग्रह त्यांनी 1866 च्या सुमारास धरला. तेव्हा लिस्टर यांचे जंतुनाशक शस्त्रक्रियेवरचे लेख अजून छापून यायचे होते. हातात घेतलेली वस्तू अचूक मोजणारा माणूस, अशी त्यांची ख्याती होती.

1867 मध्ये त्यांचा धाकटा भाऊ फिलिप समुद्रात तारायंत्राची केबल टाकण्याच्या कामावर असताना क्यूबात पिवळ्या तापाने गेला. वय अवघे 21. क्रूक्स कोलमडले. परलोकाशी बोलणाऱ्या बैठकांना ते जाऊ लागले ते त्यानंतर. पुढचे सगळे वाचताना हा मृत्यू नजरेआड करता येत नाही.

त्या काळचे लंडन अशा बैठकांनी गजबजलेले होते. आपल्याकडे पुढे प्लँचेटचे जे वेड आले, त्याच जातीचे, पण कितीतरी श्रीमंती थाटाचे. उमराव, त्यांच्या बायका, वकील, प्राध्यापक अंधारात टेबलाभोवती हात धरून बसत. या दुनियेचा अनभिषिक्त राजा होता डॅनियल होम. क्षयाने पोखरलेला, गोड बोलणारा स्कॉटिश तरुण. नेपोलियन तिसरा याच्या दरबारापर्यंत त्याची ऊठबस होती. तो फी घेत नसे, भेटी घेई. लायन नावाच्या धनाढ्य विधवेने मृत पतीच्या ‘सांगण्यावरून’ त्याला 60 हजार पौंड दिले. 1868 मध्ये न्यायालयाने ते परत करायला लावले. क्रूक्स यांनी 1871 मध्ये याच होमवर फळी आणि स्प्रिंगचा काटा लावून प्रयोग केले आणि एक नवे बल सापडल्याचे जाहीर केले. रॉयल सोसायटीने तो निबंध स्वीकारला नाही. क्रूक्स दुखावले आणि अधिकच हट्टाला पेटले.

होमला बाकीचे सगळे धंदेवाईक लबाड वाटत. 1877 मध्ये त्याने एक पुस्तक लिहून इतर माध्यमांच्या युक्त्या उघड्या केल्या. इतरांच्या लबाडीची त्याच्याइतकी बारीक माहिती त्या काळात दुसऱ्या कुणी लिहिली नसेल. ही माहिती त्याला कुठून मिळाली, हा प्रश्न त्याच्या भक्तांना पडला नाही.

बायकांच्या बाजूला राज्य होते मिसेस गपी यांचे. 1866 मध्ये उत्क्रांतिवादाचे सहजनक आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनीच त्यांना प्रकाशात आणले होते. अंधारात टेबलावर ताजी फुले आणि फळे पडणे ही बाईंची खासियत. जून 1871 मध्ये त्यांच्या स्नेह्यांनी सांगितले की, हायबरीतल्या घरी हिशेब लिहीत बसलेल्या बाई क्षणात तीन मैलांवरच्या एका बंद खोलीतल्या टेबलावर अवतरल्या. अंगाने भारदस्त बाई, हातात हिशेबाची वही, लेखणीची शाई ओली. ज्या दोन माध्यमांच्या बैठकीत हे घडले, त्यांतला एक फ्रँक हर्न. हॅकनेची शाळकरी पोर फ्लॉरेन्स कुक पुढे त्याच्याच संगतीत तयार झाली.

फुलाफळांवर आता कुणाचे समाधान होईना, कारण कुककडे अख्खा आत्मा चालत बाहेर येत होता. शिवाय कुक तरुण, देखणी, आणि मँचेस्टरच्या एका धनिकाने तिला नियमित पैसे बांधून दिले होते. गपीबाईंचे ग्राहक हॅकनेकडे वळले. होम्स नावाच्या अमेरिकी माध्यम जोडप्याने पुढे आरोप केला की, केटीच्या तोंडावर गंधकाम्ल फेकायची सुपारी गपीबाईंनी आपल्याला देऊ केली होती. हे सांगणारेही त्याच धंद्यातले, म्हणून त्यावर किती विश्वास ठेवायचा हा प्रश्न उरतोच. पण डाव खरा असता, तर होरपळला असता तो एका सोळा-सतरा वर्षांच्या जिवंत मुलीचा चेहरा.

9 डिसेंबर 1873 रोजी केथनेसचे अर्ल आणि त्यांच्या पत्नी हजर असताना विल्यम व्होल्कमन नावाचा पाहुणा उठला आणि त्याने केटीला घट्ट धरले. एकच झटापट झाली. कुकच्या चाहत्यांनी केटीला सोडवले, दिवा विझला, व्होल्कमनच्या दाढीचे केस उपटले गेले. काही मिनिटांनी पडदा उघडला तेव्हा कुक आपल्या काळ्या पोशाखात बांधलेल्या अवस्थेत आढळली. गाठी आणि मोहोर जशीच्या तशी. आपण धरलेली बाई कुकच होती, असे व्होल्कमनने जाहीर केले. पुढे पती वारल्यावर गपीबाईंनी लग्न केले ते याच व्होल्कमनशी.

क्रूक्स कुकच्या बाजूने उभे राहिले. व्होल्कमन गपींच्या गोटातला, म्हणून त्याचे म्हणणे कुणी मनावर घेईना. पण हेतू मत्सराचा असला म्हणून निरीक्षण खोटे ठरत नाही. ‘मी धरलेला हात जिवंत मुलीचा होता’ या साध्या विधानाचे उत्तर कुणीच दिले नाही.

क्रूक्स यांनी कुकला आपल्या घरी ठेवून घेतले, विजेच्या उजेडात केटीची 44 छायाचित्रे टिपली. कुकचे कान टोचलेले, केटीचे नाहीत. केटी काही वेळा उंच भरे. तिचे केस वेगळ्या रंगाचे. सगळे नोंदवले गेले. छायाचित्रात दोघी एकत्र असतील तेव्हा मात्र कुकचा चेहरा शालीने झाकलेला, कारण उजेडाने म्हणे तिला इजा झाली असती. अंधार किती, पडदा कुठे, कुणी कुठे बसायचे हे परीक्षकाने ठरवायचे की परीक्षार्थीने? इथे ते बहुतेकदा परीक्षार्थी ठरवत होता. मेरी शॉवर्स नावाची आणखी एक किशोरवयीन माध्यम आली, तिचा आत्मा आणि केटी क्रूक्स यांच्या घरात हातात हात घालून फिरले. 1875 मध्ये शॉवर्सने आपली लबाडी कबूल केली. दोन भुते जोडीने हिंडत होती, त्यातले एक खोटे ठरले. दुसऱ्याबद्दल क्रूक्स यांनी अवाक्षर काढले नाही. ते मुलीच्या मोहात पडून सामील झाले होते, असा आरोप विसाव्या शतकात झाला. त्याला ठोस पुरावा मिळालेला नाही, आणि फसायला मोहाची गरज असतेच असेही नाही.

1880 मध्ये सर जॉर्ज सिटवेल यांनी एका बैठकीत नव्या आत्म्याला पकडले. ती अंतर्वस्त्रांतली फ्लॉरेन्स कुकच निघाली.

तोवर क्रूक्स प्रयोगशाळेत परतले होते. थॅलियमचे अणुभार निर्वातात तोलताना दिसलेल्या एका क्षुल्लक विचलनातून त्यांचा रेडिओमीटर जन्मला, आणि त्यांनी सुधारलेल्या निर्वात नळ्यांवर जगभर काम सुरू झाले. 1895 मध्ये रंटगेन यांना क्ष-किरण सापडले ते अशाच प्रकारच्या नळीतून. आज प्रत्येक रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागाचे पूर्वज म्हणून क्रूक्स यांच्याकडे बोट दाखवता येते. 1898 मध्ये त्यांनी गव्हाच्या संभाव्य टंचाईचा इशारा देऊन हवेतला नायट्रोजन खतासाठी बांधून घ्यावा, असे सुचवले. भट्टीसमोर काम करणाऱ्या काच कामगारांना होणारा मोतीबिंदू टाळण्यासाठी वयाच्या सत्तरीनंतर त्यांनी शेकडो प्रकारच्या काचा बनवून पाहिल्या. चष्म्याच्या दुकानांतली क्रूक्स काच ती हीच. थिऑसॉफिकल सोसायटीचेही ते सदस्य झाले. या संस्थेचे भारतातले पहिले बिऱ्हाड काही वर्षे मुंबईत होते.

1898 च्या त्याच भाषणात, भुताखेतांच्या प्रयोगांतले आपण काहीही मागे घेत नाही, असेही त्यांनी सांगून टाकले. 1916 मध्ये पत्नी एलेन गेल्या. साठ वर्षांचा संसार होता. वृद्ध क्रूक्स पुन्हा माध्यमांकडे गेले आणि एका ‘आत्मा-छायाचित्रकारा’ने त्यांना पत्नीच्या चेहऱ्याचा फोटो काढून दिला. दोनदा टिपल्याच्या खुणा त्यावर होत्या. एके काळी स्वतः छायाचित्रणाचे नियतकालिक संपादित केलेल्या क्रूक्स यांनी तो खरा मानला. 4 एप्रिल 1919 रोजी ते वारले.

1875 मध्ये क्रूक्स यांनी अ‍ॅनी ईव्हा फे या अमेरिकी माध्यमाचीही परीक्षा घेतली होती. दोन्ही हातांत विजेच्या मुठी, मधून मंद प्रवाह, हात सोडला तर गॅल्व्हानोमीटरची सुई ढळणार. सुई जागची हलली नाही आणि फे पास झाली. 1924 मध्ये म्हाताऱ्या फेने जादूगार हुडिनीला आपली युक्ती सांगितली. एक मूठ तिने गुडघ्यामागच्या लवणीत दाबून धरली होती. प्रवाह शरीरातून वाहत राहिला, आणि हात मोकळा झाला.