मुक्तीनंतरचा लढा : फ्रेडरिक डग्लस

फ्रेडरिक डग्लस यांचा जन्म १८१८ साली अमेरिकेतील मेरीलँड राज्यात एका गुलाम मातेच्या पोटी झाला. बाल्टिमोर शहरात मालकिणीने त्यांना मुळाक्षरे शिकविण्यास आरंभ केला. परंतु तिच्या पतीने ते तत्काळ बंद पाडले. मालकाला ज्या गोष्टीची एवढी भीती वाटते, तीच आपल्या सुटकेची वाट आहे, हे त्या बालकाने ओळखले. रस्त्यावरील गरीब गोऱ्या मुलांना पावाचे तुकडे देऊन ते त्यांच्याकडून वाचन शिकले. १८३८ मध्ये खलाशाच्या वेषात ते उत्तरेकडे निसटले, १८४५ मध्ये त्यांनी आत्मचरित्र प्रसिद्ध केले आणि १८४७ मध्ये रॉचेस्टर येथे स्वतःचे वृत्तपत्र सुरू केले.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेचे सरकार प्रारंभी केवळ संघराज्य टिकविण्यासाठी लढत होते. हे युद्ध गुलामगिरीच्या नाशासाठी व्हावे आणि कृष्णवर्णीयांना सैन्यात घ्यावे, ही मागणी डग्लस यांनी लावून धरली. १ जानेवारी १८६३ रोजी राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी मुक्तीचा जाहीरनामा काढला. तो बंडखोर प्रदेशांपुरताच होता. तरीही डग्लस सैन्यभरतीच्या कार्यास लागले. लुईस व चार्ल्स हे आपले दोन पुत्र त्यांनी मॅसॅच्युसेट्सच्या ५४व्या पलटणीत धाडले. जुलैमध्ये फोर्ट वॅग्नरवरील रक्तरंजित हल्ल्यात लुईस लढला. मात्र गोऱ्या सैनिकाला महिना १३ डॉलर मिळत, तर कृष्णवर्णीयाला १० आणि त्यातूनही कपड्यांपोटी ३ कापले जात. हे गाऱ्हाणे घेऊन डग्लस ऑगस्टमध्ये लिंकन यांना भेटले. जून १८६४ मध्ये समान वेतनाचा कायदा झाला.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचे सेनापती ली शरण आले आणि पुढच्याच आठवड्यात लिंकन यांची हत्या झाली. वर्षअखेरीस तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी नष्ट झाली. सुमारे ४० लाख माणसे मुक्त झाली. मे महिन्यातच विल्यम लॉइड गॅरिसन यांच्यासारख्या थोर सुधारकाने, आता कार्य सिद्धीस गेले म्हणून गुलामगिरीविरोधी संस्था विसर्जित करावी, असा विचार मांडला होता. डग्लस यांनी त्यास ठाम विरोध केला. कृष्णवर्णीयाच्या हाती मताधिकार येत नाही तोवर गुलामगिरी खऱ्या अर्थाने संपली नाही, अशी त्यांची भूमिका होती.

ती यथार्थ ठरली. मुक्त झालेल्यांना युद्धकाळात दिलेल्या जमिनी नवे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी जुन्या मालकांना परत केल्या. दक्षिणेतील राज्यांनी जाचक कायदे करून मजुरांना पुन्हा मळ्यांशी जखडले. संघर्षानंतर १८६८ मध्ये नागरिकत्व व १८७० मध्ये मताधिकार घटनेत आला. कृष्णवर्णीय प्रतिनिधी संसदेत बसले. परंतु दहशतवादी टोळ्यांनी मतदारांचे रक्त सांडले आणि १८७७ मध्ये केंद्राने दक्षिणेतील राज्य सरकारांच्या पाठीशी असलेले सैन्य काढून घेतले. कागदावरील हक्क अनेक दशके कागदावरच राहिले. वृद्ध डग्लस अखेरपर्यंत जमावाच्या हत्याकांडांविरुद्ध बोलत राहिले. २० फेब्रुवारी १८९५ रोजी स्त्रियांच्या हक्कांसाठीच्या सभेहून परतल्यावर त्यांचे निधन झाले.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांनाच अर्पण केला होता. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत, सामाजिक व आर्थिक समतेवाचून राजकीय लोकशाही धोक्यात येईल, असा इशारा दिला. डग्लस यांच्या उत्तरायुष्याने तोच धडा दिला आहे. आपल्या संस्थेतून शिकून नोकरी-व्यवसायात स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी, आपले कार्य झाले असे मानून चळवळीपासून दूर जाऊ नये. संविधानाने दिलेल्या हक्कांवर डोळ्यांत तेल घालून पहारा द्यावा आणि मागे राहिलेल्या एका तरी मुलाच्या हाती पुस्तक द्यावे.

जय भीम!