ऑस्कर बार्नाक : लहान चौकटीचे शिल्पकार

छायाचित्रकारांची नावे आपण आदराने घेतो. पण ज्या कारागिराने त्यांच्या हाती हलका कॅमेरा दिला, त्याची आठवण क्वचितच निघते. ऑस्कर बार्नाक हे असेच एक कारागीर. १ नोव्हेंबर १८७९ रोजी जर्मनीतील ब्रांडेनबुर्ग प्रांतात लिनोव्ह या खेड्यात त्यांचा जन्म झाला. सूक्ष्म यंत्रकामाची उमेदवारी हेच त्यांचे शिक्षण. १९०२ मध्ये ते येना येथील झाइस कारखान्यात लागले.

छायाचित्रणाचा छंद दांडगा, पण सोबतीला दम्याचा विकार. १३ × १८ सेंटिमीटरच्या काचा, त्यांचा कॅमेरा आणि तिकाटणे घेऊन थुरिंगियाच्या जंगलात चढण चढताना जीव मेटाकुटीस येई. एकाच काचेवर अनेक लहान चित्रे घेण्याचा प्रयोग त्यांनी केला. पण चित्र मोठे करताच कण ठळक दिसू लागले.

१९११ मध्ये ते वेट्सलार येथील लाइट्स कारखान्यात आले. तेथे १९१४ च्या सुमारास त्यांनी सिनेमाच्या फिल्मवर चालणारा, हातात मावेल असा कॅमेरा घडवला. फिल्म आडवी फिरवून त्यांनी सिनेमाची चौकट दुप्पट केली : २४ × ३६ मिलिमीटर.

वजन घटले हा एक लाभ. दुसरा भिंगात दडलेला होता. छिद्र मोठे ठेवले की उजेड भरपूर येतो, पण मुख्य वस्तूच्या पुढचे-मागचे धूसर होते. छिद्र लहान केले की स्पष्टतेची खोली, म्हणजे ‘डेप्थ ऑफ फील्ड’, वाढते. १३ × १८ च्या काचेला साधारण २१० मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग लागे. लहान चौकटीला ५० चे पुरते. एफ ३.५ ला पहिल्याचे छिद्र ६० मिलिमीटर, दुसऱ्याचे सुमारे १४. एकाच जागेवरून तेच दृश्य टिपून दोन्ही चित्रे सारख्या आकारात पाहिली, तर खोली या व्यासावर ठरते. मोठ्या कॅमेऱ्यात तेवढीच खोली हवी असेल, तर छिद्र एफ १५ पर्यंत आवळावे लागे आणि उजेड सुमारे १८ पट वेळ द्यावा लागे. तेवढ्यात चालता माणूस पुढे निघून जाई!

अर्थात, हा लाभ फुकटचा नव्हता. इवलेसे चित्र मोठे करताना भिंगाचा दोषही मोठा होतो. म्हणून माक्स बेरेक यांनी खास भिंगाची आखणी केली. १९२० मध्ये वेट्सलारला पूर आला, तेव्हा बार्नाक यांनी पाण्यात बुडालेल्या रस्त्यांची छायाचित्रे याच लहान कॅमेऱ्याने टिपली.

तरीही कारखान्यातील अनेकांचा विरोध होता. दिवस आर्थिक ओढगस्तीचे. कॅमेरा खपला नाही तर कामगारांचे काय? १९२४ मध्ये मालक एर्न्स्ट लाइट्स यांनी हा धोका पत्करला आणि १९२५ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत ‘लायका’ लोकांपुढे आला. पुढे वृत्तछायाचित्रकार तो घेऊन रस्त्यारस्त्यांतून हिंडले.

१६ जानेवारी १९३६ रोजी बार्नाक वारले. आज फिल्मची जागा सेन्सरने घेतली आहे. पण ‘फुल फ्रेम’ म्हणतात तो सेन्सर २४ × ३६ मिलिमीटरचाच असतो. मोबाइलचा सेन्सर त्याहून कितीतरी लहान, म्हणून त्यात सहसा सारेच स्पष्ट येते आणि मागची धूसरता बहुधा गणिताने आणावी लागते. दमेकरी कारागिराने ओझे हलके करण्यासाठी निवडलेली चौकट आजही मापदंड म्हणून वापरली जाते.