कर्नल साइक्स आणि आमच्याकडचा पाऊस

आमच्या माण तालुक्यात उन्हाळ्यात माळावर गेले की डोक्यावर शेंडी असलेला एक लहानसा चंडोल ढेकळांतून पळताना दिसतो. अंगाचा रंग मातीसारखा, त्यामुळे हलला तरच कळतो. लहानपणी मेंढरांमागे फिरताना मी तो कितीदा पाहिला असेल, पण पुस्तकात त्याला नाव असेल असे कधी मनात आले नव्हते. गेल्या वर्षी भूगोलाच्या सरांनी ग्रंथालयातून पक्ष्यांचे एक पुस्तक काढून दिले, तेव्हा समजले की हा साइक्सचा चंडोल. हा साइक्स कोण म्हणून शोधू लागलो आणि पक्ष्यापासून निघालेला मी पावसापर्यंत येऊन पोहोचलो.

विल्यम हेन्री साइक्स यांचा जन्म २५ जानेवारी १७९० रोजी इंग्लंडात झाला. वयाच्या चौदाव्या वर्षी, म्हणजे आमच्याकडची मुले आठवी-नववीत असतात त्या वयात, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत दाखल झाले. पेशवाईच्या अखेरच्या धामधुमीत ते दख्खनमध्ये होते. त्या लढाया इतिहासाच्या पुस्तकात आहेतच, म्हणून मी त्या सोडून देतो. १८२४ साली मुंबई सरकारने त्यांना दख्खनची आकडेवार माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले. माणसे, पिके, जमीन, जनावरे या सर्वांची मोजदाद करायची होती. सरकारचा हेतू अर्थातच सारावसुलीचा होता, हे विसरून चालणार नाही. पण साइक्स हे नुसते हुकुमाचे ताबेदार नव्हते. जिथे तंबू पडेल तिथे ते हवेचा दाब, उष्णता आणि पाऊसही मोजू लागले.

सातारा तेव्हा छत्रपती प्रतापसिंह महाराजांचे राज्य होते. त्यामुळे ज्या चार कलेक्टोरेटांची माहिती त्यांनी जमवली त्यांत साताऱ्याचा समावेश नव्हता. पण ढगांना हद्दीचे दगड थोडेच दिसतात!

साइक्स यांनी १८२५ ते १८३० अशी सहा वर्षे नोंदी ठेवल्या. त्यांत त्यांना एक नियम सापडला. हवेचा दाब सकाळी नऊ-दहाच्या सुमारास चढतो आणि दुपारी चार-पाचला उतरतो. समुद्राला भरती-ओहोटी असते तशी ही हवेची भरती-ओहोटी. स्वतः घेतलेल्या हजारो नोंदींत त्यांना याला एकही अपवाद आढळला नाही. हे वाचून मी आमच्या भूगोल विभागातल्या वायुभारमापकासमोर एक दिवस सकाळ-संध्याकाळ उभा राहिलो. शिपाईमामांना वाटले, मला वर्गाबाहेर काढले आहे.

डिसेंबर १८२९ मध्ये साइक्स यांचे पदच सरकारने रद्द केले. तरीही त्यांनी काम पुरे केले आणि १८३१ साली ते मायदेशी गेले. यापुढची हकिगत मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दख्खनच्या रानकुत्र्याचे, म्हणजे कोळसुंद्याचे, त्यांनी केलेले वर्णन १८३१ सालीच छापून आले. पक्ष्यांची यादी १८३२ साली आली. तिच्यातच आपला चंडोल आहे आणि त्याच्या शास्त्रीय नावात त्यांनी ‘देवा’ हा शब्द घातला. हवामानाचा निबंध मात्र रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात १८३५ साली छापला गेला. पहिल्या नोंदीपासून दहा वर्षे झाली होती. माझ्या समजुतीप्रमाणे कारण साधे असावे. पक्ष्याचे कातडे समोर ठेवून वर्णन लिहिता येते, पण आकड्यांची बेरीज-सरासरी, पुन्हा तपासणी यांत वर्षे जातात. त्याच सुमारास, १८३२ पासून, रॉयल सोसायटीत आलेल्या निबंधांवर जाणकारांचे लेखी अभिप्राय मागवण्याची पद्धतही सुरू झाली होती. ती आजही जगभर चालते आणि तिच्यात महिनोन्महिने जातात.

महाबळेश्वरच्या पावसाला तर आणखी उशीर झाला. तिथली जागा इंग्रजांनी १८२९ च्या सुमारास प्रतापसिंह महाराजांकडून घेतली आणि पुढे तिथे पाऊस मोजला जाऊ लागला. ते आकडे निरनिराळ्या उंचीवरच्या इतर ठिकाणांच्या आकड्यांशेजारी मांडून साइक्स यांनी दुसरा मोठा निबंध छापला तो १८५० साली. घाटात साधारण साडेचार हजार फुटांपर्यंत पाऊस वाढत जातो आणि त्याहून वर कमी होतो, असे त्यांनी त्यात दाखवले. महाबळेश्वरला अडीचशे इंचांच्या आसपास पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यातल्या आमच्या माणला वीस इंचही नाही आणि पलीकडे सांगलीत माझ्या मामाच्या आटपाडीला त्याहूनही कमी. हा निबंध निघाला तेव्हा सातारचे राज्य खालसा होऊन दोन वर्षे झाली होती. निबंध इंग्रजीत होता आणि लंडनला होता. ज्यांच्या रानावर हा पाऊस पडत होता किंवा पडत नव्हता, त्यांच्यापैकी तो कोणी वाचला असेल असे मला वाटत नाही.

साइक्स १८५६ साली कंपनीचे अध्यक्ष झाले, नंतर पार्लमेंटात गेले आणि १६ जून १८७२ रोजी लंडनमध्ये वारले. त्यानंतर तीन वर्षांनी, १८७५ साली, भारताचे हवामान खाते स्थापन झाले.

आज छपाईला वेळ लागत नाही, तरी उशीर टळलेला नाही. हवामानबदलावर जगातल्या शास्त्रज्ञांचा जो मोठा अहवाल २०२१ साली निघाला, त्यात ३१ जानेवारी २०२१ पर्यंत नियतकालिकांनी स्वीकारलेलेच निबंध धरले होते. त्याआधीचा तसा अहवाल २०१३ सालचा. म्हणजे एखाद्याचा निबंध परीक्षकाच्या टेबलावर महिनाभर जास्त राहिला, तर त्याला पुढच्या अहवालासाठी काही वर्षे थांबावे लागणार. तोवर दुष्काळ काही थांबत नाही. १९७२ साली माझ्या आजीने रोजगाराच्या कामावर खडी फोडली आणि सुकडी खाऊन दिवस काढले. तिला मी साइक्सची गोष्ट सांगितली तेव्हा तिने एवढेच विचारले, की त्या साहेबाने आमच्या गावाचा पाऊस मोजला होता का.

मोजला नव्हता. म्हणून गेल्या पावसाळ्यात मी दारात सरळ बाजूंचा एक पत्र्याचा डबा ठेवला. मी साताऱ्याला असतो आणि घरात लिहिता येणारा मी एकटाच. पाऊस झाला की आजी डब्यात काडी बुडवते आणि काडी भिजली तेवढी रेघ भिंतीवर कोळशाने ओढते. सुट्टीत घरी गेलो की पट्टीने रेघा मोजून मी त्या वहीत उतरवतो. या दिवाळीला गेलो तेव्हा भिंत सारवली होती. आजीने रेघांपुरती जागा तेवढी सोडली होती.