विल्यम हार्वे

इंग्लंडांतील केंट परगण्यांत समुद्रकांठीं फोकस्टन नांवाचा गांव आहे. तेथें इ. स. १५७८ च्या एप्रिलच्या पहिल्या तारखेस विल्यम हार्वे याचा जन्म झाला. केंब्रिज येथील अभ्यास संपवून तो इटलींतील पादुआ विद्यापीठांत गेला व १६०२ सालीं वैद्यकाची पदवी घेऊन परतला. पादुआस त्याचा गुरु फाब्रिशियस यानें नीलांच्या, म्हणजे हृदयाकडे येणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या, आंतील झडपा शोधल्या होत्या. परंतु त्यांचें खरें प्रयोजन गुरूसही उमगलें नव्हतें.

त्या काळीं गेलन या प्राचीन ग्रीक वैद्याचा शब्द म्हणजे प्रमाण. रक्त यकृतांत उत्पन्न होतें व पाटाचें पाणी शेतांत जिरावें तसें तें अवयवांत जिरून जातें, असें सर्व मानीत. हार्वेनें साधा हिशेब मांडला. हृदयाच्या एका ठोक्यास अर्धा औंसच रक्त बाहेर पडतें व अर्ध्या तासांत ठोके हजारच होतात असें धरलें, तरी पांचशें औंस रक्त होतें! एवढें रक्त खाल्लेल्या अन्नापासून अर्ध्या तासांत निपजेल कसें, आणि जिरेल तरी कोठें? अर्थात् तेंच रक्त फिरून हृदयाकडे येत असलें पाहिजे. गणित रुक्ष वाटणाऱ्या आमच्या बालमित्रांनीं हा गुणाकार अवश्य करून पाहावा. हार्वेनें आंकडे मुद्दाम कमी धरले होते. प्रौढ मनुष्याचें हृदय स्वस्थ बसलें असतांही मिनिटास सुमारें ५ लिटर रक्त ढकलतें, हें आज आपणांस ठाऊक आहे.

मग त्यानें दंडास पट्टी बांधली. फुगलेल्या नीलेंतील रक्त बोटानें हाताच्या पंजाकडे सारूं लागतांच तें झडपेशीं अडे. हृदयाकडे मात्र सहज जाई. गुरूनें दाखविलेल्या झडपांचा अर्थ शिष्यास असा लागला. हृदयाच्या उजव्या भागांतून फुप्फुसांत, तेथून डाव्या भागांत, मग रोहिणींतून सर्व देहांत व नीलांतून परत, हा फेरा त्यानें १६२८ सालीं फ्रँकफुर्ट येथें छापलेल्या लहानशा लॅटिन ग्रंथांत सिद्ध केला.

ग्रंथ निघाला आणि त्याचे रोगी कमी झाले, असें त्याच्या परिचयाच्या ऑब्रे यानें लिहून ठेविलें आहे. लोक त्यास वेडा समजूं लागले. पॅरिसच्या रिओलांनें विरोध केला; त्यास हार्वेनें १६४९ सालीं शांतपणें उत्तर दिलें. तो राजा पहिला चार्ल्स याचा वैद्य होता. त्यामुळें १६४२ च्या यादवींत त्याचें लंडनमधील बिऱ्हाड लुटलें गेलें. कीटकांविषयींचीं त्याचीं टिपणें गेलीं, तें दुःख त्यास फार लागलें.

रोहिणींतील रक्त नीलांत शिरतें कोणत्या वाटेनें, हें मात्र त्यास अखेरपर्यंत दिसलें नाहीं. वाट असलीच पाहिजे, एवढें तो जाणून होता. ३ जून १६५७ रोजीं तो वारला. पुढें चार वर्षांनीं इटलींतील माल्पिगी यानें बेडकाचें फुप्फुस सूक्ष्मदर्शकाखालीं धरलें, तेव्हां केसाहूनही बारीक अशा त्या वाहिन्या त्यास दिसल्या.