फ्रान्झ फिशर: कोळशातून पेट्रोल काढणारा माणूस

चढावर बाईकचं इंजिन टकटक करायला लागलं की मेकॅनिक म्हणतो, पेट्रोल बघा. त्याचा संशय ऑक्टेनवर असतो. दाबाखाली इंधन स्वतःहून किती सहज पेटत नाही, त्याचं हे माप. फ्रान्झ फिशरची गोष्ट याच आकड्याशी अडते.

जन्म 1877, जर्मनीतलं फ्रायबुर्ग. 1913 मध्ये तो म्युलहाइमच्या नव्या कोळसा संशोधन संस्थेचा संचालक झाला. जर्मनीकडे कोळसा भरपूर, खनिज तेल जवळजवळ नाहीच.

आयडिया अशी: तापलेल्या कोळशावर वाफ सोडली की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन मिळतात. हा वायू योग्य कॅटॅलिस्टवरून नेला की तुकडे जोडले जाऊन द्रव इंधन तयार होतं. इनपुट तेच, पण कॅटॅलिस्ट आणि दाब बदलला की आउटपुट पार वेगळं. आम्हा कोडवाल्यांना हे लगेच पटतं!

1923 मध्ये फिशर आणि हान्स ट्रॉप्श यांनी अल्कली लावलेलं लोखंड वापरलं. दाब वातावरणाच्या शंभरपटीहून जास्त. त्यातून निघालं ‘सिंथॉल’, म्हणजे अल्कोहोल, अल्डिहाइड, कीटोन वगैरेंची खिचडी. फिशरला मात्र खरं पेट्रोल हवं होतं. मग दाब एकदम खाली आणला, लोखंडासोबत कोबाल्टही वापरून पाहिलं, आणि 1925-26 पर्यंत हायड्रोकार्बन मिळाले. हीच फिशर-ट्रॉप्श पद्धत.

गंमत इथेच आहे. हे रेणू बहुतेक सरळ साखळीचे. डिझेलला झकास, पण पेट्रोल म्हणून ऑक्टेन अगदीच कमी. ऑक्टेन वाढवणारी अल्कोहोलं मागे सोडलेल्या सिंथॉलमध्ये होती.

1936 पासून कारखाने सुरू झाले, एकूण नऊ. त्यांचं इंधन हिटलरच्या युद्धात जळलं. फिशरचं चरित्र सांगताना हे गाळता येत नाही. 1943 मध्ये तो निवृत्त झाला, 1947 मध्ये म्युनिकला वारला. नोबेल त्याला मिळालं नाही. त्याच्या खुर्चीवर आलेल्या कार्ल झिग्लरला 1963 मध्ये मिळालं.

1955 मध्ये दक्षिण आफ्रिकेने सासोलबर्गला याच पद्धतीने पेट्रोल काढलं. पुढे पेट्रोलमधलं शिसं हटवायची वेळ आली, ऑक्टेनसाठी दुसरं काहीतरी हवं होतं. तेव्हा 1980 च्या दशकात संशोधक पुन्हा अल्कोहोलकडे वळले. मॉलिब्डेनम सल्फाइडसारख्या कॅटॅलिस्टमध्ये त्यांनी पोटॅशियम घातलं. पोटॅशियम म्हणजे अल्कलीच, फिशरने 1923 मध्ये लोखंडाला लावली होती तशी.