थिजणारं पाणी

अकरावीच्या रसायनशास्त्रात थॉमस ग्रॅहम एका नियमापुरता भेटतो. हलका वायू लवकर पसरतो, जड वायू सावकाश; किती पटीने, ते घनतेच्या वर्गमुळावरून काढायचं. डोंबिवलीच्या क्लासमधली मुलं हे गणित दोन मिनिटांत सोडवून पुढे जातात. याच माणसाने रसायनशास्त्राला ‘जेल’ हा शब्द दिला आणि ‘डायलिसिस’ हाही. तेलविहिरीच्या तळाशी खडकातली छिद्रं बुजवायला आज जी रसायनं सोडतात, त्यांचं मूळही त्याच्या टेबलावरच्या एका बाटलीत सापडतं.

ग्रॅहमचा जन्म डिसेंबर १८०५ चा, स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचा. वडील सुखवस्तू कारखानदार. मुलाने धर्मोपदेशक व्हावं हा त्यांचा हट्ट. आपल्याकडे मुलाने इंजिनिअर व्हावं असा धरतात, तसाच. मुलगा विद्यापीठात गेला आणि टॉमस टॉमसन या प्राध्यापकाच्या नादाने रसायनात रमला. वडिलांनी पैसे बंद केले. एडिंबरोत शिकवण्या आणि लिखाण करून त्याने दिवस काढले. पाठीशी उभ्या राहिल्या त्या आई आणि बहीण. लिखाणाचे पहिले सहा पौंड मिळाले, ते त्याने या दोघींसाठी भेटवस्तू घेण्यात संपवले. १८३० मध्ये ग्लासगोच्या अँडरसन कॉलेजात त्याला प्राध्यापकी मिळाली, तेव्हा आई अंथरुणाला खिळलेली होती. ती बातमी तिच्या कानांवर पडली आणि मगच ती गेली, असं चरित्रकार सांगतात.

अँडरसन कॉलेजातल्या त्याच्या वर्गात पुढे डेव्हिड लिव्हिंग्स्टन बसत असे. आफ्रिकेचा शोध घेणारा, १८६४ मध्ये छोट्याशा बोटीतून मुंबईला पोचलेला आणि नंतर नाशिकच्या शरणपूरमधली आफ्रिकन मुलं सोबत घेऊन गेलेला, तोच हा. जेम्स यंग नावाचा सुतारकाम करणारा एक तरुणही त्या व्याख्यानांना येई. ग्रॅहमने त्याला हाताखाली मदतनीस म्हणून घेतलं. या यंगचं नाव लक्षात ठेवा.

१८३७ पासून ग्रॅहम लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात होता. १८४१ मध्ये केमिकल सोसायटी स्थापन झाली, तिचा तो पहिला अध्यक्ष. मग १८५५ मध्ये सरकारने त्याला टांकसाळीचा प्रमुख नेमलं. हे पद एकेकाळी न्यूटनकडे होतं. मी उभी हयात बँकेत घालवली, रात्री कादंबऱ्या लिहिल्या; त्यामुळे त्याच्या आयुष्याचा हा भाग मला सर्वांत जवळचा वाटतो. पहिली काही वर्षं संशोधन जवळपास थांबलंच. १८६० मध्ये इंग्लंडातली तांब्याची नाणी जाऊन ब्राँझची आली, ती त्याच्याच कारकिर्दीत. अशा खुर्चीत बसलेला माणूस पुन्हा प्रयोगाकडे वळेल असं कुणालाही वाटलं नसतं. पण १८६१ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्याने आयुष्यातला बहुधा सर्वांत मोठा निबंध वाचला.

प्रयोग स्वयंपाकघरात करता येईल इतका साधा. एका कड्यावर चर्मपत्रासारखा कागद ताणून बसवायचा, चाळणीसारखं ते भांडं पाण्यावर तरंगत ठेवायचं आणि त्यात मिश्रण ओतायचं. मीठ, साखर कागदातून पार होऊन पाण्यात उतरतात. डिंक, सरस, स्टार्च आतच राहतात. आत राहणाऱ्यांना त्याने कोलॉइड म्हटलं आणि या गाळण्याला डायलिसिस. लघवीतला युरिया त्याने असाच वेगळा काढून दाखवला. १९४३ मध्ये हॉलंडच्या विलेम कोल्फने याच तत्त्वावर कृत्रिम मूत्रपिंड बनवलं. ठाणे-कल्याणच्या रुग्णालयांत आठवड्यातून दोन-तीनदा फेऱ्या घालणाऱ्या घरांना ते यंत्र वेगळं सांगायला नको.

मग त्याने सोडियम सिलिकेट घेतलं. हे काचेचं पाणी डोंबिवलीच्या एमआयडीसीत पिंपांनी दिसतं. कर्जाच्या फायलींसाठी स्टॉक तपासायला मी कारखान्यांत जात असे. एका मालकाने माझ्यासमोर पेल्यात सिलिकेट घेऊन त्यात बेताने आम्ल टाकलं, थोड्या वेळाने पेला उलटा केला. आतलं सांडलं नाही. वाटीतल्या खरवसासारखं घट्ट बसलं होतं. ग्रॅहमने हेच केलं, फक्त त्यातलं मीठ कागदातून काढून टाकलं. उरलं ते पाण्यासारखं वाहणारं सिलिसिक आम्ल. बाटलीत ठेवलं की ते आपोआप थिजे. दाट असेल तर काही तासांत, उष्णता दिली तर लगेच, फार पातळ असेल तर वर्ष उलटलं तरी नाही. वाहतं ते सोल, थिजलेलं ते जेल. या जेलमध्ये पाणी कणांच्या बारीक जाळीत धरून ठेवलेलं असतं; ते सहजासहजी वाहत नाही.

विहीर खोदणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं. तेलाच्या खडकात तेलाखाली खारं पाणी असतं. तेल उपसत गेलं की पाणी भेगांमधून वर चढतं आणि वर येणाऱ्या प्रत्येक पिंपात तेल कमी, पाणी जास्त होऊ लागतं. सिमेंटचा गिलावा मोठ्या फटी बुजवतो, पण त्याचे कण खडकाच्या बारीक छिद्रांत शिरत नाहीत. पातळ रसायन शिरतं. ते आत पोचेपर्यंत वाहतं राहिलं पाहिजे आणि पोचल्यावर थिजलं पाहिजे. आधी थिजलं तर नळीच बंद, उशिरा थिजलं तर वाहून गेलं. सगळी कसब त्या वेळेची, आणि ती वेळ दाटपणावर व उष्णतेवर ठरते हे ग्रॅहमने नोंदवून ठेवलं होतं. १९२० नंतरच्या दशकात जर्मनीत योस्टेनने सिलिकेटने जमीन घट्ट करण्याची पद्धत काढली. आता तेलविहिरींत पॉलिअ‍ॅक्रिलामाइडची लांब साखळी क्रोमियमच्या क्षाराने जागोजागी बांधून जेल करतात. आपल्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, फेब्रुवारी १९७४ मध्ये तेल लागलेल्या बॉम्बे हायचा खडक चुनखडीचा, छिद्रांचा आणि भेगांचा. आता तिथल्या जुन्या विहिरींपुढेही हा पाण्याचाच प्रश्न आहे. अशा विहिरींच्या तंत्राचा अभ्यास करणारी ओएनजीसीची संस्था आपल्या शेजारी पनवेललाच आहे.

ग्रॅहमने यातली एकही विहीर पाहिली नाही. लग्न केलं नाही, प्रकृती कधी धड नव्हती, दिवसा टांकसाळ आणि उरलेल्या वेळात प्रयोग. १६ सप्टेंबर १८६९ रोजी तो गेला. त्याच्यानंतर टांकसाळीचं ते पद अर्थमंत्र्याच्या नावावर, नुसतं नावापुरतं राहिलं.

ग्लासगोच्या जॉर्ज स्क्वेअरमध्ये त्याचा बसलेला पुतळा आहे. तो शहराला दिला जेम्स यंगने. त्या सुताराने पुढे कोळशातून आणि शेलच्या दगडातून दिव्याचं तेल काढण्याचा मोठा धंदा उभा केला होता. लोक त्याला पॅराफिन यंग म्हणत. पुतळ्याचा पैसा त्याच तेलातला.